पालथ्या खुर्च्या

रस्त्याखालची पाण्याची मोठी नळी फुटली म्हणून त्या मंगळवारी बस नेहमीचा रस्ता सोडून रेल्वेच्या पुलाखालून पलीकडे गेली, एवढंच झालं. क्लॉडेट दवाखान्यातून परतत होती. मांडीवरचं बाळ सुई टोचल्याचा रागराग करून थकलं होतं आणि आता तिच्या कोटाच्या बटणाला तोंड लावून झोपलं होतं. पुलाखालचा काळोख सरला तशी बसमधली बोलणी आपोआप थांबली. कुणी कुणाला खुणावलं नाही. समोरच्या बाईने नुसता डोक्यावरचा रुमाल नीट केला, मागच्या दोघा बाप्यांचं हसणं अर्ध्यावर राहिलं, आणि क्लॉडेटच्या लक्षात आलं की आपणही पाठ ताठ केली आहे. आपल्याच शहरातला रस्ता. पण पुलापलीकडे गोऱ्यांच्या वस्तीत शिरलं की अंगाला आपोआप इस्त्री होते. दिवा लाल झाला. बस थांबली ती नेमकी एका शाळेच्या भिंतीला लागून. लाल विटा, उंच खिडक्या, आणि खिडकीच्या आत, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, एक वर्ग. वर्गात कुणी नव्हतं. प्रत्येक बाकावर एक खुर्ची पालथी घातलेली होती, चारही पाय वर करून. सकाळचं ऊन त्या पायांवर पडलं होतं. फळा काळाभोर, पुसलेला, खडू न लागलेला. पुढची खिडकी, तोच वर्ग. त्याच्या पुढची, तोच. कोपऱ्यावरच्या एका वर्गातून मात्र पाढे म्हणणाऱ्या पोरांचा आवाज येत होता, म्हणजे सुट्टी नव्हती. दिवा हिरवा झाला, बस हलली, आणि क्लॉडेटला एकदम बाप कामाला होता तो कत्तलखाना आठवला. लहानपणी एकदाच ती त्याचा डबा घेऊन दारापर्यंत गेली होती, आणि आत रांगेनं टांगलेली जनावरं दिसली होती, पाय वर, मुकाट. गोष्ट भीतीची नव्हती. नुसत्या खुर्च्या तर होत्या.

पण त्या खुर्च्या तिच्याबरोबर घरी आल्या. कपडे वाळत घालताना, बाळाचं दूध गरम करताना त्या डोळ्यांसमोरून हलेनात. जागा नाही, असं सगळे म्हणत होते. गेली काही वर्षं काळ्यांच्या या वस्तीत कुणीही शाळेबद्दल बोललं की वाक्य तिथेच येऊन टेकायचं, जागाच नाही. दक्षिणेकडून इतकी माणसं आली, इतकी पोरं झाली, शहर तरी काय करणार? म्हणून तिच्या थोरल्या लेकीच्या, डीलियाच्या शाळेत दोन पाळ्या. म्हणून दोरीवरच्या उड्या मारायच्या पटांगणात चाकांवरच्या पत्र्याच्या खोल्या आणून उभ्या केलेल्या. त्या खोल्यांचं उद्घाटन करायला स्वतः मेयर हॅलोरन बॅंड लावून आले होते, आणि क्लॉडेटनेही टाळ्या वाजवल्या होत्या. डीलिया दुपारच्या पाळीला जायची. जेवून जायची, अंधारात परत यायची, आणि सकाळभर, डोकं ताजं असताना, स्वयंपाकघरातल्या फरशीवर काड्यांची घरं मांडत बसायची. ईव्हेट नावाच्या मुलीबरोबर तिला एका खुर्चीत बसावं लागे. "माझी डावी बाजू बसते, तिची उजवी," तिने पहिल्या दिवशी घरी येऊन सांगितलं होतं, आणि सगळे हसले होते. क्लॉडेटही हसली होती. आता ते हसू आठवलं की तिला कानशिलं गरम झाल्यासारखी वाटत. एवढी कॉलेजात शिकले, पोरांनी कसं शिकावं यावरच पुस्तकं वाचली, आणि जागा नाही म्हटल्यावर मी जागा बघायलासुद्धा गेले नाही. काळजी करायला तिला कुणी शिकवलं नव्हतं, ती तिला आपसूक यायची. गॅसचा खटका दोनदा बघणं, झोपलेल्या पोरांच्या नाकाशी बोट धरणं, जिन्यावर कुणाची पावलं ते ओळखणं. इतकी सगळीकडे नजर, आणि पुलापलीकडे मात्र नाही. तिथली भीती इतकी जुनी की ती भीती आहे हेच विसरायला झालं होतं.

रविवारी घरचे सगळे चर्चहून परतल्यावर बॅस्किन आले. त्यांची पावलं ती जिन्यावरच ओळखायची, एक पाय किंचित ओढत, प्रत्येक मजल्यावर थांबून दारादारातून ख्यालीखुशाली विचारत. थॅडियस बॅस्किन म्हणजे मेयरच्या पक्षाचे वस्तीतले कॅप्टन. त्यांना पगार कसला ते कुणाला नक्की ठाऊक नव्हतं. पण कुणाचा नळ गोठला, कुणाचा पोरगा पोलिसांनी उचलला, कुणाला इस्पितळात खाट मिळेना, की बॅस्किनांकडे जायचं, आणि मग बॅस्किन शहराच्या कचेरीत जायचे. बदल्यात निवडणुकीच्या दिवशी फक्त एक दांडा ओढायचा. मतांच्या यंत्रात डावीकडे पक्षाचा मोठा दांडा असतो. तो ओढला की मेयरपासून खाली गटारमंडळापर्यंत पक्षाच्या सगळ्या नावांवरचे छोटे खटके एकदम पडतात. विचार करायला नको, वाचायलाही नको. आज त्यांच्या काखेत लवंगा टोचलेलं हॅम होतं, ईस्टरचं, कागदात गुंडाळलेलं. क्लॉडेटच्या आईने, लुव्हेनियाने, ते हातात घेऊन तोललं आणि म्हणाली, "थॅडियस, यंदा डुक्कर बारीक दिसतंय. पक्षाची तब्येत बरी आहे ना?"

"सिस्टर लुव्हेनिया, तुमची जीभ तेवढी दर वर्षी जाड होतेय," बॅस्किन हसले. चर्चमधल्या बायकांना ते सिस्टरच म्हणत. त्यांनी हॅट काढली, पण बसले नाहीत. ते कधीच बसत नसत. लहानपणापासून क्लॉडेटने त्यांना कुणाच्याही घरी खुर्चीत बसलेलं पाहिलं नव्हतं. पहिल्या हिवाळ्यातही नाही. मिसिसिपीहून गाडीतून उतरून महिना झाला नव्हता, बापाला अजून काम नव्हतं, खिडकीच्या आतल्या बाजूने बर्फ धरायचा, आणि हा उंच माणूस कोळशाची गोणी पाठीवर टाकून आला होता. गोणी खाली ठेवून तो असाच उभा राहिला होता, आणि आई रडायला लागली तेव्हा भिंतीकडे बघत होता. तो कोळसा खरा होता. त्याची ऊब क्लॉडेटला अजून पोटऱ्यांवर आठवते. पुढे बापाचं फुप्फुस गेलं तेव्हा खाट मिळवून दिली ती यांनीच, आणि शेवटी शवपेटीला खांदाही यांनीच दिला. मेयर वस्तीच्या मिरवणुकीत आले तेव्हा त्यांनी क्लॉडेटला उचलून पुढे धरलं होतं, हातात फुलं देऊन. मेयरनी हातमोजा न काढता गालाला हात लावला आणि नाव विचारलं. पुढच्या वर्षी त्याच मिरवणुकीत ते तिच्यासमोर थांबले आणि म्हणाले, "क्लॉडेट, हो ना?" केवढ्या मोठ्या शहराचा राजा, आणि नाव लक्षात ठेवतो! कितीतरी वर्षं ती ते वाक्य मनात घेऊन फिरली होती. आज तिला वाटलं, नाव लक्षात ठेवणं ही केवढी स्वस्त गोष्ट आहे.

"रूबेनचं काम झाल्यात जमा आहे," बॅस्किन म्हणाले. "निवडणूक झाली की तो कचऱ्याच्या गाडीमागे पळायचा नाही. चालवायला बसेल. कायम." तिचा नवरा रूबेन खिडकीशी उभा होता. त्याने मान हलवली, पण त्याचा हात नकळत कमरेकडे गेला, जिथे दर हिवाळ्यात कळ यायची. गाडीच्या पायरीवरून उडी मारून पिंपं उचलायची, पुन्हा पायरी पकडायची. कायम होण्याची ही वाट तो किती दिवस बघत होता हे क्लॉडेटइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या तोंडावर आलेला तो मऊपणा तिने पाहिला. तरी ती बोलली. "मिस्टर बॅस्किन, पुलापलीकडच्या शाळेत वर्गच्या वर्ग रिकामे आहेत."

"रविवारी गेली असशील."

"मंगळवार होता. शेवटच्या वर्गात पाढे चालले होते."

"मग सफाई चालली असेल, पोरी. रंग देत असतील."

"रंगाचा वास आला असता. खुर्च्यांवर धूळ होती, उन्हात दिसत होती." तिचा आवाज तिला हवा होता त्याहून बारीक निघाला. "तिथे खुर्च्या पालथ्या घालून ठेवल्यात आणि माझी डीलिया अर्ध्या खुर्चीत बसते. जागा नाही असं तुम्हीच सांगितलंत ना आम्हाला?"

बॅस्किन हॅटची कड बोटांतून गोल फिरवत राहिले. तिला वाटलं ते चिडतील, किंवा नेहमीसारखं 'मेयरसाहेबांच्या कानावर घालतो' म्हणतील. पण ते म्हणाले, "मला काय माहीत नाही असं वाटतं तुला?" आणि मग, जरा थांबून, "ती दारं उघडली तर पलीकडची मतं जातात. मतं गेली तर मेयर जातो. मेयर गेला तर मी कुणाच्या दारात जाऊन उभा राहू, सांग. कोळसा कुठून आणू? तू दांडा ओढतेस म्हणून मला त्या कचेरीत उभं राहता येतं."

"बसायला कधी सांगणार आहेत?" लुव्हेनिया स्टोव्हपाशी पाठमोरी होती, तशीच बोलली. "का गुडघे वाकत नाहीत आता?"

बॅस्किननी हॅट घातली. दारातून वळून ते क्लॉडेटला म्हणाले, अगदी हळू, धमकी न वाटेल इतक्या हळू, "त्या ग्रॅंडिसनबाईचं औषधांचं दुकान चांगलं आहे. खोकल्याचं औषध घे तिच्याकडून. पक्षाविरुद्ध नगरसभेला उभी आहे म्हणून मत नको देऊस. तिचा खटका पार खाली कोपऱ्यात आहे, आणि सलूनमध्ये सगळं ऐकू येतं, हे तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. वस्तीत पोराटोरांनासुद्धा ठाऊक होतं. मतदान ऑगस्टसच्या सलूनमध्ये व्हायचं. आरशांवर चादरी टाकायच्या, मोठ्या गोल खुर्च्या झाकून भिंतीला सारायच्या आणि मधे दोन यंत्रं उभी करायची, पडद्यांसकट. बॅस्किन पडद्याच्या आत कधी डोकावत नसत. कायदा मोडल्याचं त्यांच्याविरुद्ध कुणी सांगू शकलं नसतं. ते फक्त यंत्रांच्या मधे हॅट हातात धरून उभे राहत आणि ऐकत. पक्षाचा दांडा ओढला की 'धड्ड' असा एकच जाड आवाज यायचा. मग पडदा उघडायचा, बॅस्किन मान हलवायचे, पुढचा माणूस. दुसरा कुठला आवाज त्या सलूनमध्ये कुणी ऐकलाच नव्हता, एकदा सोडून. गेन्स नावाच्या म्हाताऱ्या शिंप्याला आत नीट दिसेना, दांडा सापडेना, म्हणून त्याने हाताला लागले ते छोटे खटके एकेक करून खाली पाडले, टिक, टिक, टिक. सगळीच नावं पक्षाची होती बिचाऱ्याची. पण आवाज वेगळा आला. आठवड्याभरात शहराचा तपासनीस येऊन त्याच्या दुकानाचा जिना धोक्याचा ठरवून गेला. गेन्स घरोघर सांगत फिरला, मी चुकलो हो, मला दिसलं नाही. लोक हसायचे. अजूनही कुणी काही धांदरटपणा केला की लोक म्हणायचे, गेन्ससारखं टिकटिक करू नको. क्लॉडेट कॉलेजातून सुट्टीला आली होती तेव्हा तीही हे म्हणाली होती. विनोद म्हणून शिकलो आपण ही भीती, तिच्या मनात आलं. उड्या मारताना म्हणायच्या गाण्यासारखी.

संध्याकाळी हॅम कापलं. चरबीचा, लवंगांचा तो गोडसर वास घरभर पसरला आणि क्लॉडेटला एकाच वेळी भूक लागली आणि घास फिरू लागला. डीलियाने कडेचा करपलेला तुकडा मागून घेतला. रूबेन काटा खाली ठेवून म्हणाला, "तू ग्रॅंडिसनबाईलाच देणार आहेस."

"मी अजून काही ठरवलं नाही."

"क्लॉडी, तू बटाटे सोलतानासुद्धा ठरवलेलं दिसतं." तो हसला नाही, पण चिडलेलाही नव्हता. "एक बाई निवडून आली तर काय होणार? पन्नास जणांच्या सभागृहात एक."

"माहीत नाही. निदान कुणीतरी त्या खुर्च्यांबद्दल मोठ्याने बोलेल. आत्ता आपल्याकडून तिथे जो बसतो तो आपली मान हलवायला बसतो." तिला आणखी सांगायचं होतं, की मला भीती वाटते, की तुझी कंबर, की हिवाळा, की मी तुझ्या कमरेवर पाय देऊन पोरीला उंच करू का? रूबेनने डीलियाकडे पाहिलं. डीलिया, घरातसुद्धा, खुर्चीच्या डाव्या कडेलाच बसली होती. उजवी बाजू रिकामी, नीट रिकामी, कुणासाठी तरी सोडलेली. ते त्या दोघांनी एकदमच पाहिलं. रूबेनचा जबडा चावता चावता थांबला. त्याने हात लांबवून पोरीला खुर्चीच्या मधोमध सरकवलं. ती क्षणभर बसली आणि न कळत पुन्हा कडेला गेली.

"गाडीमागे पळायला मला येतं," रूबेन म्हणाला. "सवय आहे." आणि त्याने हॅमचा आणखी एक तुकडा घेतला. लुव्हेनियाचं मत कुणाला, हे त्या घरात कधी विचारायचं नसे. इतकी वर्षं ती शहराच्या कचेरीचे जिने पुसत होती आणि ते काम बॅस्किननी दिलेलं होतं. तिचा दांडा ठरलेला होता. क्लॉडेटला त्याबद्दल राग नव्हता. आईने दांडा ओढला म्हणून तर आपण कॉलेजात गेलो.

मतदानाच्या दिवशी डीलियाला बरोबर न्यावं लागलं. तिची शाळा दुपारची, सकाळी ती घरीच. बाळ शेजारणीकडे ठेवलं. शहरालगतच्या मोठ्या तळ्यावरून येणारा वारा अजून हाडांत शिरत होता, पण वळचणीचा बर्फ सुटला होता आणि गटारांतून पाणी खळखळत होतं. सलूनमध्ये केसांच्या तेलाचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. रांगेत सगळे हळू बोलत होते, चर्चमध्ये बोलतात तसे. झाकलेल्या आरशांमुळे कुणी वारल्यासारखं वाटत होतं. "धड्ड," पडद्याआडून आवाज आला, आणि बॅस्किननी मान हलवली. "धड्ड." रांगेत त्यांच्या मागे उभ्या असलेल्या ऑगस्टस न्हाव्याने डीलियाची वेणी ओढली. "हिला कशाला आणलंत? मत देणार का ही?" "आजी देणार आहे, आई देणार आहे, मी बघणार आहे," डीलियाने सांगितलं. दोन्ही यंत्रं एकदमच रिकामी झाली. लुव्हेनिया एकीकडे गेली. क्लॉडेट डीलियाचा हात धरून दुसरीकडे. तिने लाल मूठ ओढली आणि पाठीमागे पडदा सर्रकन बंद झाला.

आत अंधार नव्हता, पण बाहेरचं जग एकदम लांब गेलं. समोर नावांच्या ओळीच ओळी, प्रत्येकावर एक छोटा काळा खटका, वर करून ठेवलेला. ओळीने, मुकाट, पाय वर. तिला हसू यावं की रडू हे कळेना. डावीकडे पक्षाचा दांडा, लाखो हातांनी गुळगुळीत झालेला. तिचा हात त्याच्याकडे गेला. तिने तो नेला नाही, तो गेला. हाताला सवय होती. धातू गार लागला आणि त्या गारव्यातून कोळशाची गोणी आली, बापाची खाट आली, भिंतीकडे बघणारा तो उंच माणूस आला, जो आत्ता पडद्यापलीकडे हातभर अंतरावर उभा राहून ऐकत होता. रूबेनचा कमरेवर जाणारा हात आठवला. शिंपी गेन्स दारोदार सांगत फिरला, मी चुकलो हो. किती सोपं होतं. एकदा ओढायचं, आणि घरी जाऊन पुन्हा सगळ्यांची काळजी करत बसायचं. बाहेर कुणीतरी खोकलं. आपल्याला वेळ लागतोय हे तिला कळत होतं, आणि वेळ लागणं हासुद्धा इथे एक आवाज होता. खाली डीलिया उजव्या पायावरून डाव्या पायावर होत होती. "आई," ती कुजबुजली, "यातलं आपलं कुठलं?" क्लॉडेटने दांड्यावरचा हात काढला. बोटांवर लोखंडाचा वास राहिला. तिने पोरीला काखेत धरून उचललं, किती जड झाली आहे ही, आणि उजवीकडे पार खालच्या कोपऱ्यात ग्रॅंडिसन हे नाव दाखवलं. "हे. बोट ठेव. आता खाली." डीलियाला जोर पुरेना. क्लॉडेटने तिच्या बोटावर आपलं बोट ठेवलं.

टिक.

एवढासा आवाज, पण सलूनमधली कुजबुज कुणीतरी चिमटीत धरल्यासारखी थांबली. तिच्या मानेवरून घाम उतरला. मग, एकदा झालंच आहे तर, ती वरून खाली नावं वाचू लागली, जन्मात पहिल्यांदा, सावकाश, कॉलेजातल्यासारखी. न्यायाधीशाचं एक नाव तिला माणूस बरा म्हणून ठाऊक होतं. पक्षाचाच होता. टिक. मेयरच्या ओळीपाशी ती थांबली. क्लॉडेट, हो ना? ती त्या नावाकडे बघत राहिली आणि तो खटका तिने होता तसाच ठेवला. आणि याच वेळी, पातळ फळीच्या पलीकडून, जिथून कितीतरी आधीच 'धड्ड' यायला हवं होतं तिथून, बुटांची फरफर ऐकू आली, आईच्या चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ काहीच नाही. क्लॉडेट श्वास धरून उभी राहिली.

टिक.

ती आणि तिची आई एकाच वेळी बाहेर आल्या. सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि बघत नसल्याचं दाखवत होते. बॅस्किनांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी तोंड उघडलं, आणि क्लॉडेटला आश्चर्य वाटलं, कारण त्या आवाजात धमकी नव्हती, विनवणी होती. "सिस्टर लुव्हेनिया, चष्मा बदलायला झालाय तुमचा. दिसलं नसेल. होतं असं. मी तसंच सांगेन त्यांना." ते तिला गेन्सची चूक देऊ करत होते, धरून ठेवायला, छत्रीसारखी.

"मला छान दिसलं, थॅडियस," लुव्हेनिया म्हणाली. "चष्मा नवाच आहे. तूच तर लावून दिलास त्या इस्पितळातून." मग ती त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या कोटाच्या बाहीवरचं न दिसणारं काहीतरी झटकलं. "किती वर्षं उभा आहेस रे. बस की जरा."

बॅस्किन हलले नाहीत. ऑगस्टस न्हावी मुकाट पुढे झाला, भिंतीला सारलेल्या गोल खुर्च्यांपैकी एकीवरची चादर त्याने ओढून काढली आणि खुर्ची फिरवून समोर केली. गिऱ्हाइकाला करतो तशी नुसती हाताने बैठक झटकली. बॅस्किन तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे गुडघे वाकले, हळूहळू, एक पाय ओढत, आणि ते बसले. हॅट मांडीवर ठेवली. क्लॉडेटला ते एकदम म्हातारे दिसले, आणि का कोण जाणे, पहिल्यांदाच घरातले वाटले. संध्याकाळी ते कचेरीत जाऊन काय सांगतील, रूबेन उद्या कुठे असेल, ग्रॅंडिसनबाई निवडून येईल की नाही, यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं. पोटातली काळजी होती तिथेच होती. फक्त तिच्या शेजारी आणखी कशाला तरी बसायला जागा झाली होती.

"मग आता मी सकाळी जायचं शाळेत?" डीलियाने विचारलं. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"अजून नाही," क्लॉडेट म्हणाली. "आज दुपारीच जायचंय. पण आज ईव्हेटला सांग, खुर्ची दोघींना पुरत नाही असं बाईंना दोघींनी मिळून म्हणायचं. मोठ्याने."

ऑगस्टसने हातातली चादर नीट घडी करून बॅस्किनांच्या शेजारी ठेवली आणि तो आत गेला. लाल मूठ ओढल्याचा आवाज आला, पडदा सरकला. रांग गप्प झाली. दारात पोचलेल्या क्लॉडेटने डीलियाचा हात धरून ठेवला. बॅस्किननी डोळे मिटून मान खुर्चीच्या पाठीवर टेकवली होती, दाढी करून घ्यायला बसलेल्या माणसासारखी. आत न्हाव्याला वेळ लागत होता. फार वेळ लागत होता. बाहेर गटारातून वितळलेल्या बर्फाचं पाणी वाहत होतं, आणि त्याच्यावरून, बारीक पण अगदी स्पष्ट, तो आवाज आला. बॅस्किननी डोळे उघडले नाहीत.

मग दुसरा आला.